मलमाआधी खोली तपासा

त्वचेचे काही कॅन्सर मलमाने बरे होतात. शेकडो रुग्णांवर, अनेक वर्षे पाठपुरावा करून पडताळलेली ही गोष्ट आहे. तरीही आपल्याकडे ती सांगितली की ऐकणारे दोन टोकांना जातात. काहींना कॅन्सर म्हटले की ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन याखेरीज काही सुचत नाही; मलमाने कॅन्सर जातो असे म्हणणारा त्यांच्या लेखी भोंदूच. काहींना उलट हायसे वाटते. कापाकापी टळली एवढेच त्यांनी ऐकलेले असते, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या कुठल्याशा लेपाच्या जाहिरातीला त्यातून बळ मिळते. दोघेही रोग किती खोल गेला आहे आणि तो कुणी तपासला आहे, हे विचारायचे राहून जातात. मलम हे खरे औषध आहे, काही बाबतीत उत्तम औषध आहे. पण त्याची पोहोच त्वचेच्या अगदी वरच्या थरापुरती आहे. म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, आणि नंतर काही वर्षे लक्ष ठेवल्याशिवाय ते कॅन्सरवर वापरणे हा उपचार म्हणता येत नाही. ही अट मलमाच्या गुणाइतकीच ठळकपणे लोकांपर्यंत पोहोचायला हवी, आणि ती पोहोचत नाही, अशी माझी तक्रार आहे.

चेहऱ्यावरच्या त्वचेचा बाहेरचा थर जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड असतो. उन्हातली अतिनील किरणे सर्वांत जास्त नासधूस करतात ती याच थरातल्या पेशींची. गोऱ्या कातडीच्या माणसाने उभे आयुष्य उन्हात काढले असेल तर उतारवयात त्याच्या टकलावर, कानांच्या कडांवर, नाकावर, हातांच्या मागच्या बाजूला खरखरीत, लालसर, खपली धरणारे चट्टे येऊ लागतात. डोळ्यांना दिसण्याआधी ते बोटांना कळतात. वैद्यकात त्यांना ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या वाटेवरची एक अवस्था आहे. यातला एखादा चट्टा कॅन्सरमध्ये बदलण्याची शक्यता अगदी थोडी असते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका अभ्यासात वर्षभरात शंभरांतला एकही पुरता नाही, तर चार वर्षांत शंभरांतले अडीचच्या आसपास चट्टे बदललेले आढळले. पण असा माणूस एक चट्टा घेऊन येत नाही. त्याच्या अंगावर ते डझनांनी असतात आणि दोन चट्ट्यांमधली, दिसायला धड असलेली कातडीही आतून तितकीच बिघडलेली असते. हरळीचे एकेक पाते खुडून शेत साफ होत नाही, कारण तिचे जाळे जमिनीखाली पसरलेले असते. त्वचारोगतज्ज्ञांचीही इथे तीच अडचण आहे. ते या सगळ्या बिघडलेल्या पट्ट्याला ‘फील्ड’ म्हणतात. फील्डवर चाकू चालवता येत नाही. सबंध कपाळ कापून काढणार कसे? मलम मात्र सबंध कपाळाला लावता येते. मलमाची खरी जागा इथून सुरू होते.

या मलमांत सर्वांत जुने आणि आजही सर्वांत भरवशाचे म्हणजे फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल, बोलीभाषेत फाइव्ह-एफयू. चार्ल्स हायडलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात ते पुढे आणले. शरीरातल्या इतर कॅन्सरसाठी शिरेतून द्यायचे हे औषध. ते दिलेल्या काही रुग्णांच्या चेहऱ्यावरचे उन्हाचे चट्टे आधी लाल होतात आणि मग निघून जातात, हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या लक्षात आले. मग तेच औषध थेट कातडीवर का लावू नये, या विचारातून बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क संस्थेत एडमंड क्लाइन यांनी मलमाचे प्रयोग केले; १९७२च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. पेशी दुभंगताना नवा डीएनए बनवावा लागतो आणि त्यासाठी लागणारा एक घटक हे औषध तयारच होऊ देत नाही. बिघडलेल्या पेशी भराभर दुभंगत असतात, म्हणून मार त्यांना अधिक बसतो. हे होताना रुग्णाला आरशात काय दिसते तेही सांगायला हवे. दिवसातून दोनदा मलम लावले तरी पहिले काही दिवस फारसे काही घडत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लाली चढते, आणि जिथे काहीच नव्हते अशा जागीही ठिपके उमटू लागतात. दबून राहिलेला रोग मलमाने वर आणलेला असतो. मग आग, सूज, पाझर, खपल्या. तीन-चार आठवड्यांनी मलम थांबवले की पुढच्या काही आठवड्यांत खपल्या गळतात आणि खाली गुलाबी, मऊ कातडी येते. मधल्या दिवसांत चेहरा इतका भाजल्यासारखा दिसतो, की कुणी आधी सांगून ठेवले नसेल तर घाबरलेला माणूस अर्ध्यावरच ट्यूब फेकून देईल. आणखी एक सूचना यात राहून जाते : हे मलम पाळीव कुत्र्याच्या पोटात गेले तर कुत्रा दगावू शकतो, तेव्हा ट्यूब उघड्यावर ठेवू नये आणि लावलेला हात चाटू देऊ नये.

या मलमाचा गुण किती हे २०१९ साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीने नीट दाखवले. डोक्यावर वा चेहऱ्यावर पाच किंवा अधिक चट्टे असलेले ६२४ रुग्ण चार गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले गेले आणि चार उपचारांची तुलना झाली. बारा महिन्यांनंतरही उपचार टिकून राहण्याचे प्रमाण फाइव्ह-एफयूच्या गटात ७४.७ टक्के होते. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करून तिच्याकडून काम करवून घेणाऱ्या इमिक्विमॉड मलमात ते ५३.९ टक्के, मलम लावून त्यावर लाल प्रकाश सोडण्याच्या फोटोडायनॅमिक थेरपीत ३७.७ टक्के आणि इंजेनॉल मेब्युटेट या जेलमध्ये २८.९ टक्के. चौघांत सर्वांत जुने, पेटंटची मुदत कधीच संपलेले, स्वस्त औषध पहिले आले. त्याआधी, २०१८ साली, अमेरिकेतल्या ९३२ माजी सैनिकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. ज्यांना याआधी त्वचेचे कॅन्सर झाले आहेत अशांनी चेहऱ्याला आणि कानांना फाइव्ह-एफयूचा दोन ते चार आठवड्यांचा एकच कोर्स केला, तेव्हा पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया करावी लागेल असा स्क्वॅमस सेल कॅन्सर, म्हणजे अशा चट्ट्यांतून होऊ शकणारा प्रकार, नकली मलमाच्या गटात ४६४ पैकी २० जणांना झाला, तर औषधाच्या गटात ४६८ पैकी ५ जणांना. हा फायदा पुढे ओसरला. चार वर्षांच्या अखेरीस दोन गटांत ठळक फरक उरला नाही, आणि बेसल सेल या दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरवर परिणाम झालाच नाही. मला या चाचणीत सर्वांत मोलाचा वाटतो तो हा शेवटचा भाग. औषध कुठे चालते हे दाखवणाऱ्यांनी ते कुठे थांबते हेही त्याच कागदावर लिहून ठेवले.

आता प्रत्यक्ष कॅन्सरकडे येऊ. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर. तो सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही, पण जिथे आहे तिथे पोखरत जातो. वरवरच्या, पातळ प्रकारावर तीन उपचारांची तुलना करणाऱ्या डच चाचणीत पाच वर्षांनंतर इमिक्विमॉडच्या गटातले ८०.५ टक्के, फाइव्ह-एफयूच्या गटातले ७० टक्के आणि प्रकाशोपचाराच्या गटातले ६२.७ टक्के रुग्ण गाठमुक्त होते. शस्त्रक्रियेशी थेट तुलना ब्रिटनमध्ये झाली. सौम्य प्रकारच्या बेसल सेल कॅन्सरच्या ५०१ रुग्णांपैकी काहींना इमिक्विमॉड दिले, काहींची गाठ कापून काढली. पाच वर्षांनी यश शस्त्रक्रियेत ९७.७ टक्के आणि मलमात ८२.५ टक्के. साहजिकच विचारले जाईल, की चाकू इतका पुढे असेल तर मलमाचा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि जिथे एकच गाठ आहे, रुग्ण धडधाकट आहे, जागा सोपी आहे, तिथे मीही म्हणेन की कापून घ्यावे. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचले तर दर पाचांतले चार रुग्ण टाका न पडता, व्रण न राहता पाच वर्षे बरे राहिले. ज्याच्या पाठीवर आणि छातीवर असे सात-आठ डाग आहेत, जो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर आहे, ज्याच्या नडगीवरची जखम मधुमेहामुळे महिनोन्‌महिने भरत नाही, त्याच्यासाठी हे चार खूप मोठे आहेत. उरलेला पाचवाही वाऱ्यावर नसतो, कारण मलम निष्फळ ठरायचे असेल तर बहुतेक वेळा पहिल्याच वर्षात ते उघड होते, आणि नियमित तपासणी चालू असेल तर गाठ तेव्हा कापता येते. या सगळ्या हिशेबाला आधार आहे तो रुग्ण वर्षभर डॉक्टरच्या नजरेखाली राहण्याचा. तो आधार काढून घेतला की पाचांतला एक माणूस आपल्या कॅन्सरवर नवी कातडी आलेली पाहून निश्चिंत होतो.

ही सगळी आकडेमोड पातळ किंवा सौम्य प्रकारच्या गाठींची आहे, हेही विसरता कामा नये. मलमातले औषध वरून आत झिरपते आणि जसजसे खाली जाते तसतसे विरळ होते. गाठ जाड असेल, केसांच्या मुळांशी उतरली असेल, नाकाच्या वा डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक फाटे फोडत आत शिरणाऱ्या प्रकारची असेल, तर वरचा भाग जातो आणि खालचा राहतो. शरीरात पसरू शकणाऱ्या, खोल गेलेल्या स्क्वॅमस सेल कॅन्सरवर मलम हा उपचारच नव्हे. मेलानोमा या काळ्या, झपाट्याने पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये तर वेळ दवडणे म्हणजे जिवाशी खेळ. वरून पाहून हे सगळे ओळखता येईल असे अनुभवी डॉक्टरही छातीठोकपणे म्हणत नाहीत. म्हणून ते जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पाठवतात.

यावर एक मोठा वर्ग म्हणेल, की हे सगळे औषध कंपन्यांचे शास्त्र झाले. वनस्पतींत याहून चांगले इलाज आहेत, ते दाबून ठेवले जातात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्याची एकदा खरोखर परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रेलियात रस्त्याकडेला, कुंड्यांत, बागांत युफोर्बिया पेप्लस नावाचे एक तण उगवते. आपल्याकडचा शेर आणि निवडुंग याच कुळातले. तोडले की तसाच पांढरा, झोंबणारा चीक येतो. तिथले लोक तो चीक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाच्या चट्ट्यांवर आणि त्वचेच्या कॅन्सरवर लावत आले. या तणाला ते रेडियम वीड म्हणत. ब्रिस्बेनच्या पेप्लिन कंपनीने त्या चिकातला गुणकारी घटक वेगळा काढला, तोच इंजेनॉल मेब्युटेट. डेन्मार्कच्या लिओ फार्माने कंपनी विकत घेतली आणि २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत ‘पिकॅटो’ या नावाने जेल मंजूर झाले. फक्त दोन किंवा तीन दिवस लावायचे औषध. आठवडेच्या आठवडे चेहरा सोलून घ्यायला नको म्हणून रुग्ण खूश होते. म्हणजे लोकौषध कुणी दाबले नाही. उलट त्यावर पैसा ओतला गेला आणि ते बाजारात आले. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. तीन वर्षांच्या एका अभ्यासात हे जेल लावलेल्या जागी त्वचेचा कॅन्सर ३.३ टक्के रुग्णांना झाला, तर तुलनेसाठी इमिक्विमॉड लावलेल्यांपैकी ०.४ टक्क्यांना. युरोपच्या औषध नियामकाने २०२० च्या जानेवारीत वापर थांबवला आणि एप्रिलमध्ये धोका फायद्याहून जास्त असल्याचा निर्वाळा दिला. ही वाढ डोळ्यांना दिसली नसती. शंभरांत तीन हा फरक एखाद्या वैदूला, एखाद्या डॉक्टरला, एखाद्या गावालाही आयुष्यभरात उमगत नाही. रुग्णांना दोन गटांत वाटून तीन वर्षे मोजदाद केली म्हणून तो सापडला. मला तर वाटते, की वनस्पतींवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीच अशा चाचण्यांचा सर्वांत जास्त आग्रह धरायला हवा.

दुसरे उदाहरण याहून जुने आणि याहून वाईट. उत्तर अमेरिकेतल्या ब्लडरूट या वनस्पतीचा लालसर रस आणि झिंक क्लोराइड हे दाहक रसायन यांचा लेप १८५०च्या दशकात वेल्डन फेल या अमेरिकी डॉक्टरने लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये कॅन्सरवर वापरून दाखवला होता. आज तशाच मिश्रणाचे काळे लेप ‘ब्लॅक साल्व्ह’ म्हणून इंटरनेटवर विकले जातात. हा लेप फक्त रोगट मांस ओढून काढतो, निरोगी कातडीला धक्का लावत नाही, असे विकणारे सांगतात. ते खोटे आहे. झिंक क्लोराइड समोर येईल ते जाळते. काही दिवसांत तिथे जाड काळी खपली धरते, ती मुळासकट गळून पडली की रुग्णाला वाटते कॅन्सरच बाहेर आला, आणि खड्डा भरून येतो. त्या भरलेल्या कातडीखाली राहिलेल्या गाठी पुढे वाढत गेल्याच्या, नाकपुडी वा कान झडून गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांच्या नियामकांनी याविरुद्ध इशारे दिले आहेत. विकणारे आपल्या बाजूने फ्रेडरिक मोज यांचे नाव घेतात, आणि त्यात अर्धे सत्य आहे. विस्कॉन्सिनच्या या शल्यविशारदाने १९३०च्या दशकात असाच लेप वापरला होता; त्यात झिंक क्लोराइड होते आणि ब्लडरूटही होते. पण मोज त्या लेपाने गाठ बरी करत नव्हते. लेपाने मांस जागच्या जागी घट्ट करून ते त्याचा थर कापत, थराची खालची बाजू पूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, कुठे कॅन्सरच्या पेशी उरल्या आहेत ते नकाशावर मांडत, आणि नेमक्या त्या जागी पुन्हा लेप, पुन्हा थर, जोवर सगळ्या कडा स्वच्छ होत नाहीत तोवर. पुढे लेप गळाला, ताज्या मांसावरच ही पद्धत चालू लागली आणि आज ती मोज सर्जरी म्हणून जगभर चालते. त्या पद्धतीतून जे टाकाऊ ठरले तेवढे उचलून, सूक्ष्मदर्शक मागे ठेवून, आज लेप विकले जात आहेत.

उन्हाने रापलेल्या त्वचेच्या बाबतीत आणखी एक गफलत सर्रास होते, ती म्हणजे कातडी नितळ झाली की धोका गेला असे समजणे. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले मलम बारीक सुरकुत्या आणि काळपट डाग कमी करते हे १९८० च्या दशकापासून सिद्ध आहे. सौंदर्यप्रसाधनांचा मोठा बाजार त्याच्या चुलत भावंडांवर उभा आहे. साहजिकच ते कॅन्सरही टाळेल अशी आशा होती. अमेरिकेत ११३१ माजी सैनिकांवर ती तपासली गेली आणि नवे कॅन्सर टाळण्यात या मलमाचा काहीही उपयोग दिसला नाही. याउलट ज्याला कुणी औषध म्हणत नाही त्या सनस्क्रीनची नोंद पाहा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ५८८ जणांनी एक उन्हाळाभर सनस्क्रीन लावले किंवा नुसता लेप लावला. सनस्क्रीनच्या गटात नवे चट्टे कमी आले आणि जुन्यांतले अधिक मावळले. क्वीन्सलँडच्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ या काळात १६२१ लोकांवर झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, आणि दहा वर्षे मागोवा घेतल्यावर मेलानोमाही कमी आढळला. दिसण्यावरून काहीच ठरवता येत नाही, हे या तिन्ही चाचण्यांतून पुन्हा समोर येते.

इतके वाचून मराठी वाचक म्हणेल, हा गोऱ्यांचा रोग, आपल्याला काय त्याचे? आपल्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून खरेच मोठे संरक्षण देते आणि उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे क्वचित दिसतो. सिडनी-मेलबर्नला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही शेजाऱ्यांइतका धोका नाही. पण त्वचेचा कॅन्सर फक्त उन्हाने होत नाही, आणि हे जगाला सांगणाऱ्यांत टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपलेच संशोधक होते. १९४५ साली त्यांनी सहसंशोधक सूर्याबाईंसह, राहणीतल्या सवयींतून भारतात उद्भवणाऱ्या कॅन्सरच्या प्रकारांवर निबंध लिहिला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी काचत राहिली की तिथे आधी काळा वण, मग चिघळलेली जखम आणि शेवटी कॅन्सर, असा तो प्रवास होता. परकराच्या घट्ट नाडीने बायकांच्या कमरेवर हेच घडल्याच्या नोंदी पुढे मुंबईतूनही झाल्या. स्टोव्हच्या भडक्याने वा उकळत्या पाण्याने भाजल्याचा व्रण, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावरची न भरणारी जखम, यांतूनही वीस-तीस वर्षांनी कॅन्सर उगवतो. मेलानोमा आपल्याकडे निघतो तो अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे कुणी पाहत नाही. गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः बंगालमध्ये, पाण्यातल्या आर्सेनिकने कातडीवर चट्टे आणि कॅन्सर होतात. आणि ज्यांच्या अंगात मेलॅनिनच नाही अशा, आपण ‘कोड’ समजून चुकीचे नाव देतो त्या, अल्बिनिझमच्या मुलामाणसांना महाराष्ट्रातल्या उन्हात मोठा धोका आहे. आर्सेनिकचे वरवरचे चट्टे आणि अल्बिनिझममधले उन्हाचे चट्टे सोडले, तर यातला बहुतेक रोग जाड आणि खोल असतो. म्हणजे मलम जिथे सर्वांत कमी चालते तोच रोग आपल्या वाट्याला जास्त येतो. गोऱ्या देशांतली मलमाची यशोगाथा आपल्या जुन्या जखमेवर जशीच्या तशी चिकटवणे म्हणूनच घातक आहे.

आणि आपली सवय नेमकी उलटी आहे. अंगावर काही उठले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचे, बोट दाखवायचे, ट्यूब मागायची. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कोंबलेल्या ट्यूबांनी नायट्याचे काय करून ठेवले आहे हे कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. २०१८ साली केंद्र सरकारला १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करावी लागली. घरी चामखिळीवर, तिळावर, कुरूपावर बिब्बा किंवा चुना लावण्याची पद्धत अजून आहे. बिब्ब्याने कातडी भाजते, काळी पडते. त्या काळ्या डागाखाली मूळ तीळ काय होता हे नंतर तपासायला काही उरत नाही. चांगल्या डॉक्टरकडे जायला पैसे लागतात आणि दिवस मोडतो, म्हणून लोक हे करतात, हे मला मान्य आहे. म्हणूनच लोकांना दोष देऊन थांबण्यात अर्थ नाही. फाइव्ह-एफयू आणि इमिक्विमॉड दोन्ही भारतात मिळतात. निदान झालेल्या रुग्णाला ती मिळायलाच हवीत, आणि चिठ्ठी दाखवल्याशिवाय ती कुणाच्या हाती पडू नयेत. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. तो कायदा ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या लेपांनाही लावला पाहिजे.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांकडे माझी मागणी मोठी नाही. महिना-दीड महिन्यात न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारा डाग, जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठलेली गाठ यांवर कुठलेही मलम लिहिण्याआधी बायोप्सी व्हावी, आणि तिचा अहवाल रुग्णाला परत मिळेपर्यंत कुणीतरी त्याचा पाठपुरावा करावा. भाजलेल्या रुग्णाला घरी सोडताना देतात त्या कागदावर या व्रणाबद्दलचा इशारा मराठीत छापावा. सनस्क्रीन आपल्याकडे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. अल्बिनिझमच्या माणसासाठी ते औषध आहे, आणि सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर त्याला ते फुकट मिळायला हवे. शिवाय ड्रेसिंगच्या खोलीत त्याच जुन्या जखमेची पट्टी आठवड्याआठवड्याला बदलणाऱ्या नर्सला, जखमेची कड वर उचललेली, कडक, फुलकोबीसारखी दिसू लागली तर थेट सर्जनकडे पाठवण्याचा अधिकार लेखी द्यावा, कारण तो बदल सर्वांत आधी तिलाच दिसतो.